सुमनचा गजानन, कांताचा गजानन

आमच्या वर्गात सात गजानन होते आणि गावंडे गुरुजींनी एकदाही चुकीच्या गजाननाला छडी मारली नाही. अमरावतीला कॉलेजात असताना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा पोरं हसली. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात ज्याचा गुन्हा त्यालाच शिक्षा, असा हिशोब फक्त शाळेच्या त्या एका खोलीत चालायचा.

गुरुजी हजेरी घेताना मान वर करत नसत. डोळे रजिस्टरवर आणि कान वर्गावर. आणि पुकारा वडिलांच्या नावानं नसे, आईच्या नावानं असे. "सुमनचा गजानन." "हजर." "कांताचा गजानन." "हजर." "बेबीचा गजानन." एकदा बेबीचा गजानन बोरं तोडायला गेला होता, तर शेजारच्यानं त्याच्या वतीनं हजर म्हटलं. गुरुजींची मान तरी खालीच. म्हणाले, "बस खाली. बेबीचा गजानन नाकातून हजर म्हनते."

गावातल्या बापांना हे आवडायचं नाही. माझा बाप तर एकदा वखर सोडून थेट शाळेत आला होता. "मास्तर, पोरगं माहं हाये. चारचौघात माह्या बायकोचं नाव कावून घेता?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला. "महादेवराव, गावात महादेव इंगळे किती?"

बापानं मनात मोजले. "तीन."

"आन सुमन इंगळे?"

"एकच."

"मंग जा वावरात."

बाप गेला. महादेव म्हणजे आधीच्या पिढीतला गजानन. आमच्या आजोबांच्या वेळी देवळात एक महादेव आणि घराघरात एकेक. मग शेगावचं दर्शन सोपं झालं, गुरुवारचे उपास वाढले आणि पोरांची नावं बदलली. नवस बोलून झालेलं पोरगं गजानन, आणि नवस न बोलता झालेलं तर फुकटात झालं म्हणून उपकाराचा गजानन. सातांपैकी आम्ही दोघं तर पूर्णच सारखे होतो. गजानन महादेव इंगळे, दोन नग. मी सुमनचा, तो कांताचा.

गुरुजी स्वतःचं नाव कुणाला सांगत नसत. सही 'उ. रा. गावंडे'. त्या 'उ'चा अर्थ आम्हाला चौथीत कळला. त्यांच्याआधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून त्यांच्या आईनं त्यांना जन्मल्याबरोबर शेणाच्या उकंड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उकंडा. असल्या नावाच्या पोराकडे मरण ढुंकून पाहत नाही, असं मानत. आम्ही खुसखुसलो. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "हसा. पन आता गावात एकबी उकंडा उरला नाई, हे ध्यानात घ्या. नाव जाते. ज्या मायनं ते मागून आनलं, तिले तरी याद ठेवा."

म्हणूनच सरकारी रजिस्टरात आईच्या नावाचा रकाना नव्हता त्या काळात हा माणूस शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात आपल्या मनानं आईचं नाव लिहायचा. 'आई – सुमन.' 'आई – बेबी.' त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही. त्यांना अभिमान दोनच गोष्टींचा होता. एक तो शेरा, आणि दुसरी, त्यांनी लिहिलेल्या रजिस्टरावर एकही खाडाखोड नव्हती. तपासणीला आलेल्या साहेबांपुढे ते रजिस्टर असं ठेवायचे, जसं कुणी लग्नाचं पातळ उलगडून दाखवतं.

दर जूनमध्ये दाखल झालेली नावं ते पारावर बसून मोठ्यानं वाचत. "औंदा पाच गजानन." दोन-तीन वर्षांनी, "औंदा दोन. ओम वाढले." मग सोहम आले, साई आले. निवृत्तीच्या वर्षी पहिलीत एकच गजानन होता. त्याला आईचं नाव लावायची गरजच नव्हती, नुसतं 'गजानन' म्हटलं तरी भागत होतं. तरी ते 'ज्योतीचा गजानन' असंच म्हणत. आणि पोरांना बजावत, "याले सांभाळा बे. हा शेवटचा हाये."

बोलण्यात गुरुजी कधी चुकले नाहीत. लिहिण्यात एकदाच चुकले, आणि ती चूक माझ्या वाट्याला आली.

मी बी.कॉम. आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी दहावीचं तोंड पाहिलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण ते आपोआप झालेलं नाही. पदवीनंतर पंधरा वर्षं कंत्राटावर काढली आणि वयाची अट संपायला एक वर्ष उरलेलं असताना अकोल्याच्या एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून निवड झाली. कागदपत्रं तपासायला गेलो. माझा शाळेचा दाखला दुसरी प्रत होता, म्हणून त्यांनी मूळ रजिस्टरचा उतारा मागवलेला होता. साहेबांनी तो पुढे ओढला.

"आईचं नाव?"

"सुमन."

"इथं शेऱ्यात कांता लिहिलंय."

मी उतारा पाहिला. अक्षर गुरुजींचं. वळणदार, एकाही ठिकाणी न अडलेलं. गजानन महादेव इंगळे, जन्मतारीख माझी, आणि शेवटी 'आई – कांता'.

"चौकशी केली तर त्या शाळेत याच नावाचे दोन विद्यार्थी निघतात," साहेब म्हणाले. "तुम्ही नेमके कोणते?"

"मी सुमनचा," मी म्हणालो. तोंडातून तेच निघालं.

साहेब हसले नाहीत. "कागदावर तसं आणा. आठ दिवस देतो. नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक बाईंनी रजिस्टर काढून दिलं. क्रमांक चारशे बारा मी, चारशे तेरा तो. सगळं बरोबर, फक्त दोघांच्या आया उलट्या. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, लेखनप्रमाद असेल तर अमरावतीहून शिक्षण विभागाची परवानगी आणा, मी दुरुस्त करते. लिहिणाऱ्या गुरुजींचा जबाब लागेल, आणि त्या दुसऱ्या गजाननची संमती."

घरी आईला सांगितलं. ती तूर निवडत होती. हात थांबले. "त्या दिवशी मी दवाखान्यात होती रे. आदल्या दिवशी तुही बहीन झालती. कांतानं तुमा दोघाले हाताले धरून नेलं शाळेत." मग ती पुन्हा तूर निवडू लागली. कांतामावशीला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

तिसऱ्या दिवशी अमरावतीला गुरुजींकडे गेलो. मुलाकडे राहत होते. मोतीबिंदूनं दृष्टी अधू झालेली. दारातून मी नुसतं "गुरुजी" म्हणालो.

"सुमनचा गजानन," ते म्हणाले. "ये."

मी शाळेत मोबाईलवर काढलेला रजिस्टरच्या पानाचा फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पाहिलाच नाही. "चारशे बारा आन चारशे तेरा," ते म्हणाले.

मी मोबाईल खाली घेतला. "तुमाले माहीत होतं?"

"कांता दोघाले घेऊन आलती. तू तिच्या लुगड्याले धरून रडून राहिलता. तिचं पोरगं दूर उभं राहून छपराच्या चिमन्या मोजत होतं. मले वाटलं, रडनारा तिचा. लिहून टाकलं. आठ दिवसानं सुमन आली बाळंतपन उरकून, आन तू तिच्याकडं पयत गेला. तवा समजलं."

"मंग दुरुस्त कावून नाई केलं?"

गुरुजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "खाडाखोड झाली असती."

मी आयुष्यात त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "तुमच्या एका खाडाखोडीपायी माही नोकरी चालली, गुरुजी. पाच दिवस उरले. तुमी तो शेरा लिहिलाच नसता तर बरं झालं असतं. कोनी मांगितलता तुमाले?"

"कोनीच नाई," गुरुजी म्हणाले.

आवाज ऐकून त्यांचा मुलगा बाहेर आला. त्याला सगळं समजल्यावर तो वडिलांना नाही, मला म्हणाला, "भाऊ, तुमचं काम होईन, पन बाबांनी लेखी कबूल केलं आन पेन्शनची चौकशी लागली तर? या वयात?" गुरुजी त्याला म्हणाले, "चहा सांग. आन कागद आन."

जबाब लिहायला बसले. डोळे कागदापासून वीतभर. पहिली दोन वाक्यं मला हवी तशीच होती: नोंद मी केली, आईच्या नावात लेखनप्रमाद झाला. मी हात पुढे केला, पण पेन थांबेना. त्यांनी पुढे लिहिलं, 'ही चूक मला आठ दिवसांत समजली होती. रजिस्टरवर खाडाखोड नसल्याचा गर्व होता, म्हणून मी ती दुरुस्त केली नाही.'

"गुरुजी, हे नका लिहू. लेखनप्रमाद एवढंच लिहा. जानूनबुजून ठेवली म्हटलं तर परवानगी मिळनार नाई."

"प्रमाद एका दिवसाचा असते. बाकीच्या वर्षांले काय म्हनू?"

"काईच म्हनू नका."

"थेच तर केलं आतापर्यंत," गुरुजी म्हणाले आणि सही केली. या वेळी 'उ. रा.' नाही. पूर्ण. उकंडा रामभाऊ गावंडे.

परतताना बसमध्ये तो कागद खिशात होता. खरं सांगतो, शेवटची दोन वाक्यं गाळून नवीन कागद करावा आणि त्यांच्या अधू डोळ्यांपुढे धरून सही घ्यावी, हे माझ्या मनात आलं. दर्यापूर येईपर्यंत ते मनात होतं. केलं नाही, कारण त्यांनी मला आवाजावरून ओळखलं होतं, आणि कागद हाताला लागताच त्यांना तो वेगळा असल्याचं कळलं असतं, अशी माझी खात्री होती. भीतीनं वाचलो, शहाणपणानं नाही.

चौथा दिवस रविवार, तो तसाच गेला. पाचव्या दिवशी गुरुजी स्वतः माझ्याबरोबर नांदगाव पेठला आले. कांताचा गजानन तिथं एका कापड कारखान्यात होता. दहावीनंतर त्याचं शिक्षण थांबलं होतं आणि गेल्या काही वर्षांत आमचं बोलणंही. भांडण काही नव्हतं. मी कॉलेजात गेलो, तो पाळीवर गेला, एवढंच. पाळी सुटल्यावर तो फाटकातून बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत आणि भुवयांवर कापसाची तूस होती. गुरुजींना पाहून वाकला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी सगळं सांगितलं.

"म्हनजे कागदावर माही माय तुही," तो म्हणाला.

"चुकीनं."

"असू दे ना तशीच. मेल्यावर का होईना, तिचं एक पोरगं बी.कॉम. झालं."

मी खिशातून संमतीचा कागद काढला. तो पुढे म्हणाला, "नोकरी अटकली नसती तं तुले माही माय आठवली असती का? तिच्या तेराव्याले आलता का तू?"

मी गेलो नव्हतो. तेव्हा माझी भरतीची परीक्षा होती. परीक्षा खरीच होती, पण तिथं फाटकापुढे ते सांगायची लाज वाटली.

गुरुजी मध्ये पडले नाहीत, समजूत घातली नाही. काठी टेकून, मान खाली घालून ते तसेच उभे होते. मग तशाच खालच्या मानेनं, हजेरीच्या आवाजात म्हणाले, "कांताचा गजानन."

त्याचे ओठ हलले. "हजर" तोंडातून निघून गेल्यावर त्याला स्वतःचाच राग आला असावा. त्यानं रस्त्याकडे तोंड केलं.

"चूक माही हाये," गुरुजी म्हणाले. "त्याची नाई. तुही माय मी दुसऱ्याच्या नावावर टाकली आन गप बसलो. सही देऊ नोको वाटत असन तं नोको देऊ. पन राग माह्यावर काढ."

मग माझ्या हातातला कागद त्यानं ओढून घेतला आणि मोटारसायकलच्या सीटवर ठेवून सही केली. "एक गोष्ट," तो म्हणाला. "तिचं नाव कापतानी मी तथी पाह्यजे. आन कापल्याबरोबर माह्या ओळीत चढलं पाह्यजे. मधात ती कोनाचीच नाई, असं एक मिनिट नोको."

सहाव्या दिवशी शिक्षण विभागात. अधिकारी बाईंनी जबाब दोनदा वाचला. माझं सगळं लक्ष त्यांच्या बोटाकडे होतं. बोट शेवटच्या वाक्यावर थांबलं.

"गुरुजी, हे लिहायची गरज नव्हती."

"मालूम हाये, मॅडम."

"रजिस्टरवर खरंच एकही खाडाखोड नाही?"

"एकबी नाई."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग आता एक होऊ द्या," त्या म्हणाल्या आणि सही केली.

सातव्या दिवशी आम्ही तिघं शाळेत होतो. कांताचा गजानन सुट्टी टाकून आला होता. बाईंनी लाल शाईचं पेन काढलं. आधी त्याच्या ओळीत 'कांता' लिहिलं, मग माझ्या ओळीतलं कापलं. त्याला हवं होतं तसं, मध्ये एक मिनिटही न सोडता. मग 'सुमन'चं केलं. कडेला सह्या झाल्या. गजाननानं आपल्या ओळीवरून बोट फिरवलं आणि शाई ओली असल्यानं त्याचं बोट लाल झालं. त्यानं ते पुसलं नाही. गुरुजी पानावर वाकले होते. त्यांना किती दिसलं कुणास ठाऊक. विचारलं, "रेघ सरळ आली का?"

"आली," बाई म्हणाल्या.

निघताना त्यांनी चालू वर्षाच्या पहिलीची यादी वाचून दाखवायला सांगितलं. बाईंनी वाचली. आरव, विहान, रियांश, अद्विक, पुन्हा रियांश. गजानन नव्हता. गुरुजींनी दर नावानंतर विचारलं, "माय कोन?" आता त्याला रकाना आहे, बाई चटकन सांगत गेल्या. मग मला म्हणाले, "तुह्या पोराचं नाव?"

"रियांश."

"अर्थ?"

"मले नाई माहीत. माह्या बायकोनं, वैशालीनं, मोबाईलवर काढलं."

"त्याच्या वर्गात किती रियांश?"

"तीन."

गुरुजी हसले. त्या आठवड्यातलं पहिलं हसणं. "मंग त्याच्या मास्तरीनले सांग, मायचं नाव पाठ करा म्हना."

आठव्या दिवशी अकोल्याला कागद दिले. नोकरी मिळाली. गुरुजींच्या पेन्शनला काही झालं नाही, पण त्यांना ते लिहिताना माहीत नव्हतं, ही गोष्ट मी विसरत नाही.

गेल्या हिवाळ्यात गुरुजी गेले. अमरावतीच्या स्मशानात त्यांच्या मुलानं गर्दीकडे पाहून हाक दिली, "गजाननभाऊ, जरा हात लावा." आम्ही पाच जण पुढे झालो. मुलगा गोंधळला. कांताचा गजानन माझ्या शेजारी होता. तो हळूच म्हणाला, "कोनता पाह्यजे? मायचं नाव सांगा." मग आम्ही पाचांनीही हात लावला.

आता आवक रजिस्टर माझ्याकडे असतं. आमच्या कार्यालयात चूक झाली की पांढरी शाई फिरवतात, नाहीतर पानच बदलतात. मी बदलत नाही. लाल रेघ मारतो, सरळ, खालचं चुकलेलं अक्षर वाचता येईल अशी. माझ्या रजिस्टरात अशा पुष्कळ रेघा आहेत आणि साहेबांना ते फारसं आवडत नाही. प्रत्येक रेघेशेजारी सही आहे, पूर्ण: गजानन सुमन महादेव इंगळे.